कोपोतमधला हरवलेला 'व'

रविवार, संध्याकाळ. माधवनगर.

सुनंदा आत्ताच आमच्याकडून मिरजेला माहेरी गेली. पुण्यात रशियन शिकताना आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. आता ती परदेशात संशोधन करते आणि मी इथे शाळेत इंग्रजी शिकवते. तिचं सगळं काम एका शब्दावर चाललंय. रशियनमध्ये काजळीला 'कोपोत' म्हणतात. त्याचं आदिस्लाव्हिक, म्हणजे रशियन-पोलिश वगैरेंच्या मूळ भाषेतलं, रूप कुठेच लिहिलेलं सापडत नाही, ते आजच्या भाषांवरून जुळवायचं. अर्थ काजळी, आणि धूरसुद्धा.

माझ्या सासूबाई तिच्यापुढे ठाण मांडून बसल्या. "आगं, ही लय भारी सांगती! तू कवा असलं बोलली न्हाईस." मला कधी कुणी विचारलं होतं?

मग सुनंदा म्हणाली, धुराला ग्रीकमध्ये 'काप्नोस' आणि वासाला लिथुआनियनमध्ये 'क्वापास', हे त्याचे नातलग असावेत. मला राहवलं नाही. "लिथुआनियनमध्ये 'व' आहे. मग स्लाव्हिकमधला 'व' गेला कुठे?"

चहाचा कप बाजूला सारून ती माझ्याकडे वळली. "तिथंच तर मी वर्षभर अडकलेय गं. ये ना, दोघी मिळून लेख लिहू."

किती मोकळ्या मनानं म्हणाली! थोड्या शिष्टपणानं वागली असती, तर मला रागावता तरी आलं असतं. त्या 'व'चं उत्तर मलाही ठाऊक नाही.

मी नुसतं "बघते" म्हणाले. मला तिच्या शेजारी नाव नको होतं. मला तिची जागा हवी होती.