खुर्चीचं कव्हर

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं. वाचणारं कोणी नाही, तेव्हा सोपं आहे.
शनिवारी लायब्ररीच्या वाचनगटात मी एका जुन्या गोष्टीवर बोलणार. शाळा सातवीपर्यंतच, पण वाचलेलं मला कळतं. हे म्हणायचे, तुला पुस्तकातली माणसं बरोबर कळतात. पुढेही काहीतरी म्हणायचे. आठवत नाही.

४, बुधवार
गोष्ट निवडली. देव एका गावाला घंटा देतो. अडचण आली की वाजवा, मी येईन. राखणदार बाई चाळीस वर्षं ती घासूनपुसून लख्ख ठेवते. कोणाला हात लावू देत नाही, डाग पडतात. कोणी बोलावतच नाही म्हणून शेवटी देव आपणहून येतो आणि दोरीला हात घालतो. बाई म्हणते, आधी हात धुऊन या. देव गेला तो अजून परतलेला नाही.
पोट धरून हसले. बाई म्हणजे हुबेहूब आमच्या वन्सं. त्यांच्या देवाच्या फोटोला दुसऱ्याचा हात चालत नाही.

५, गुरुवार, दुपारी
वन्सं आल्या. ह्यांची धाकटी बहीण. हे गेल्यापासून दर गुरुवारी येतात, दोन बस बदलून. गुडघे पार गेलेत. चटईवर बसल्या. उठताना भिंत, दार आणि मी, सगळं धरावं लागलं. म्हणाल्या, वहिनी, पुढच्या वेळी क्रेन मागवून ठेव.
खुर्ची आहे. पण ती ह्यांची. निळी, मऊ, वर दुकानातलंच प्लॅस्टिकचं कव्हर. रोज पुसते. वन्सं समजूतदार, मागत नाहीत. स्टूल देणार होते. त्यावर वर्तमानपत्रं होती.

६, शुक्रवार
भाषण तयार. वन्संचं नाव घ्यायचं नाही, ‘माझ्या नात्यातल्या एक बाई’ म्हणायचं. त्यांनाही बोलावलंय. ऐकून सुधारतील.
खुर्ची पुसताना मन लागेना. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. खुर्ची ह्यांनी हौसेने आणली. शेवटच्या उन्हाळ्यात म्हणाले, कव्हर काढ ना गं, पाठीला चिकटतं. मी म्हटलं, पाहुणे आले की काढू. ते कॉटवर जाऊन पडले. पाहुणे आले ते ह्यांना न्यायलाच आले. तेव्हाही काढायचं राहिलं. गर्दीच तेवढी होती.

७, शनिवार
भाषण रंगलं. लोक हसले, वन्सं सगळ्यांत जास्त. लायब्ररीच्या बाईंनी विचारलं, तुमच्या नात्यातल्या त्या बाई अजून पुसतात का हो? मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, रोज. ओल्या फडक्याने. पुन्हा हशा. मीही हसले.
बसमध्ये ह्यांचं उरलेलं वाक्य आठवलं. पुस्तकातली बरोबर कळतात, घरातली तेवढी राहतात.

१२, गुरुवार
चार दिवस लिहिलं नाही. कामं होती. कामं नव्हती.
सकाळीच कव्हर काढलं. आतलं कापड करकरीत नवं. वन्सं आल्यावर म्हटलं, वन्सं, इथे बसा. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून, हातांवरून हात फिरवला. म्हणाल्या, किती मऊ आहे गं. दादाला कळलंच नाही.
आणि चटईवर बसल्या. दोनदा आग्रह केला. म्हणाल्या, राहू दे वहिनी, आज नको. मग मीही खाली बसले. चहा तिथेच घेतला. उठताना दोघींनी एकमेकींना धरलं.
कव्हर टाकून देणार आहे. सध्या धुऊन वाळत घातलंय. वाळलं की बघू.