डावीकडे न वळणारी गाडी

नेकारसुल्म, जर्मनी, १२ मार्च २००६

ती. बाबांना सुगतचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही आईला विचाराल. फोनवर तुम्ही तब्येत ठीक असल्याचं सांगता आणि लगेच रिसीव्हर आईकडे देता. शिवाय मला जे विचारायचंय त्याला आकृती लागते, आणि ती फोनवर काढता येत नाही.

बातमी अशी की मी एक जुनी गाडी घेतली आहे. एकोणसत्तर सालची, अमेरिकन, लांबलचक बॉनेटची, पुढे आठ सिलिंडरचं इंजिन. हिला इकडे मसल कार म्हणतात. पूर्वी शेजारच्या हाइलब्रोनला अमेरिकन फौज होती, तिथला एक सैनिक घरी परतताना ती इथेच सोडून गेला. तेव्हापासून ती क्लेंक नावाच्या द्राक्षबागायतदाराच्या कोठारात वाइनच्या पिंपांशेजारी उभी होती. इंजिनाच्या ब्लॉकला तडा आहे. म्हणून मी मागून ठोकर बसलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन भंगारवाल्याकडून आणलं आहे, तेही आठ सिलिंडरचंच, आणि ते या जुनीत बसवणार आहे. बसवून झालं की गाडी ट्युफला, म्हणजे तपासणीला न्यायची. त्यांनी मंजूर केली तरच रस्त्यावर आणायची.

यामिनी म्हणते की कारखान्यात दारांच्या रबरपट्ट्यांची ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाने इंजिनाला हात लावू नये. हे वाक्य तिला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. म्हणूनच विचारतो, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं इंजिनं उतरवली आणि चढवली. सोबत सगळी मापं पाठवतोय. सुरुवात कुठून करू ते लिहा. त्यापेक्षा स्वतः आलात तर आणखी चांगलं. दोन वर्षांपूर्वी काढलेला तुमचा पासपोर्ट कपाटात पडून आहे.

आईला आणि बहिणाबाई कीर्तीला जयभीम. तुमचा लोभ मापात न बसणारा आहे, तो तसाच राहू द्या.

तुमचा,
सुगत


नागपूर, २ एप्रिल २००६

चि. सुगत यास आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला म्हणून आणि दुसऱ्यांदा मापं होती म्हणून. मापं नीट घेतली आहेस. फक्त संपची खोली लिहायची राहिली, ती कळव. इंजिनाचं ऑइल ज्या तळाच्या भांड्यात असतं त्यालाच संप म्हणतात, हे तुला माहीत असेल असं धरून चालतो.

इंजिन बसवणं सोपं असतं, त्याच्याभोवतीचं सगळं बसवणं अवघड. आमच्याकडे एका गाडीचं इंजिन दुसरीत दर आठवड्याला जायचं, पण प्रत्येक गाडी नव्याने रुसायची. आधी माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती बैठक, पक्कं कर. बॉनेट बंद होतं का ते इंजिन आत सोडण्याआधी बघ, नंतर नाही. धुराच्या पाइपांचा नकाशा काढून सोबत पाठवत आहे. दोन्ही बाजूंचे पाइप एकत्र करून डाव्या अंगाने खाली घ्यायचे. उजवं अंग स्टिअरिंगसाठी मोकळं ठेवायचं. नकाशात आहे तसंच करायचं, त्यात स्वतःची अक्कल घालायची नाही.

मला बोलावण्याचं पुन्हा लिहू नकोस. येऊन करू काय? तू कामावर, सून कामावर, मी सोफ्यावर. सोफा मला इथेही आहे.

पत्राचं उत्तर पत्रानेच दे. तुझ्या आईला नकाशाखाली काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, तिला काही कळलं नाही पण आवडलं.

तुझा बाप,
नामदेव


नेकारसुल्म, २१ मे २००६

ती. बाबांना सविनय जयभीम.

इंजिन बसलं. बॉनेट बंद होतं. काल पहिल्यांदा चावी फिरवली तर असा आवाज झाला की क्लेंकसाहेबांच्या कोंबड्या अजून कोठाराकडे फिरकलेल्या नाहीत. शेजारच्या बाई शनिवारी दुपारी एवढा आवाज कोणाचा हे विचारायला आल्या आणि पाऊण तास इंजिन बघत उभ्या राहिल्या.

मग गाडी अंगणात बाहेर काढली. उजवीकडे वळवली, छान वळली. डावीकडे वळवायला गेलो तर स्टिअरिंग मध्येच अडलं. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, तेच. शेवटी अंगणात उजवी फेरी मारत मारत द्राक्षं पिळायच्या यंत्रापाशी येऊन थांबलो. क्लेंकसाहेब सावकाश खाली वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले की गाडी चांगली आहे, फक्त घर उजवीकडे असलेल्या माणसाने घ्यावी.

बाबा, कारण सांगू का? इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. तुमच्या नकाशाप्रमाणे मी दोन्ही पाइप डाव्या अंगाने घेतले, आणि स्टिअरिंगचा दांडा त्यांनाच जाऊन अडतो. मी रोज कामाला जाताना डावीकडे बसून गाडी चालवतो, तरी पाइप जोडताना माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबर, एवढंच डोक्यात होतं. एसटीच्या तेहतीस वर्षांनी जर्मनीत पहिल्यांदा मार खाल्ला, असं यामिनी हसून म्हणाली.

तुम्हीही हसाल म्हणून लिहिलं. तुमच्या पत्राची वाट रोज पाहतो.

तुमचा,
सुगत


नागपूर, ८ जून २००६

चि. सौ. यामिनीस अंजनाबाईचा जयभीम व आशीर्वाद.

ही चिठ्ठी सुगतला दाखवू नकोस. तुम्ही थट्टेने लिहिलं हे मला कळतं, पण हे हसले नाहीत.

मार्चमध्ये सुगतचं पत्र आलं आणि घरात माणूस परत आल्यासारखं वाटलं होतं. रिटायर झाल्यापासून पान्यांची पेटी पलंगाखाली होती, ती बाहेर निघाली. बाहेरच्या खोलीत फरशीवर खडूने अख्खी गाडी काढली, खऱ्या मापाची. कीर्तीला सहावा महिना लागत आलेला, तिलाही इंजिनावरून चालू नको म्हणून वळसा घालायला लावायचे. पाहुणे आले तर त्यांना कोणत्या सीटवर बसलात ते सांगायचे. मी चिडायची, पण मनातून बरं वाटायचं.

परवा पत्र वाचलं आणि यांनी बादली घेऊन सगळी फरशी स्वतः पुसली. पेटी पलंगाखाली गेली. दोन दिवस जेवताना एवढंच म्हणतात की आता आपल्याला डावं-उजवंही कळत नाही, बरं झालं लवकर घरी बसवलं. यामिनी, हा माणूस कामाशिवाय कसा जगेल याची मला आता भीती वाटते. काही सुचत असेल तर कर. इथे मला काही सुचत नाही.

कीर्ती ठीक आहे. तुझी आठवण काढते.

तुझी,
आई


नेकारसुल्म, २५ जून २००६

ती. आईंना यामिनीचा सविनय जयभीम.

तुम्ही नको म्हणालात तरी चिठ्ठी मी यांना दाखवली, त्याबद्दल रागवा. वाचून यांना आपल्या थट्टेचं वाईट वाटलं. मग मलाही माझ्या हसण्याची लाज वाटली.

आता गुपित ऐका. तो पाइप तेव्हाच दुरुस्त झालेला होता. बाबांना पत्र टाकलं त्याच आठवड्यात यांनी क्लेंकसाहेबांच्या मदतीने डाव्या बाजूचा नवा पाइप वाकवून बसवला होता. गाडी अंगणात दोन्हीकडे वळत होती आणि ट्युफची तारीखही घेतली होती. तुमची चिठ्ठी वाचली त्या रविवारी हे उठले, कोठारात गेले, चांगला पाइप उतरवला आणि चुकीचा पुन्हा बसवला. रविवारी इथे हातोडीचा आवाज करायची बंदी आहे, म्हणून पाच तास फक्त पाना फिरवत होते. चांगला पाइप पिंपांमागे लपवला आहे. ट्युफची तारीख पुढे ढकलली. क्लेंकसाहेबांना सगळं समजावून सांगितल्यावर ते गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि आणखी एक पिंप पुढे सरकवलं.

सोबत बाबांसाठी यांचं वेगळं पत्र आहे. त्यात लिहिलंय की इथल्या कोणालाच हे जमत नाही, आता तुम्हीच या. व्हिसासाठी लागणारा हमीचा कागदही जोडला आहे. त्याचं जर्मन नाव लिहायचं तर अर्धी ओळ जाईल. इथे फुटबॉलचा वर्ल्डकप चालू आहे, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवर झेंडा आहे, आणि आमची एकटी कोठारात मुद्दाम नादुरुस्त उभी आहे.

तुम्ही फक्त एवढंच करा, बाबांसमोर चेहरा सरळ ठेवा. कीर्तीच्या वेळी तुम्ही तिथे हव्यात, नाहीतर तुम्हालाही ओढून आणलं असतं.

तुमचीच,
यामिनी


नेकारसुल्म, २० ऑगस्ट २००६

कीर्तीच्या आईस जयभीम.

मी सुखरूप आहे. विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा तू दिलेल्या चटणीच्या तीन बरण्या काढून ठेवाव्या लागल्या, कारण पाने काढणं शक्य नव्हतं. रागावू नकोस. अमेरिकन गाडीचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत आणि इथे सगळ्यांकडे पाने मिलिमीटरचे. माझ्या पेटीने इथे फार मान मिळवला आहे. क्लेंक नावाचा म्हातारा रोज सकाळी माझ्याशी जर्मनमध्ये बोलतो, मी मराठीत बोलतो, आणि दोघांचं एकमत होतं. सूनबाई रोज डबा देते. मी तिच्या घरी पाहुणा नाही, कामावर जाणारा माणूस आहे.

आता जे लिहितो ते तुझ्यापाशी ठेव. मी पहिल्या दिवशी गाडीखाली गेलो आणि दहा मिनिटांत वर आलो. बोल्ट दोनदा उघडून दोनदा आवळलेले होते. पाइपाच्या सांध्यात जी गॅस्केट असते, ती एकदा दाबली की तिच्यावर ठसा उठतो. या गॅस्केटवर दोन ठसे होते आणि त्यातला एक माझ्या नकाशातल्या पाइपाचा नव्हता. मग पाणी प्यायला म्हणून मी पिंपांमागे गेलो. तिथे पाइप होता. हातात घेऊन बघितला. वाक बरोबर, वेल्डिंग स्वच्छ, स्टिअरिंगपासून दोन बोटं अंतर सोडलेलं. अंजना, खरं सांगतो, तो मला याहून चांगला जमला नसता. पोराला काम येतं. मी तेहतीस वर्षांत कोणाला एवढं मोठ्याने म्हटलं नाही, आणि त्यालाही म्हणता येत नाही, कारण म्हटलं तर मला कळलंय हे त्याला कळेल. मी पाइप होता तिथेच ठेवला, डोळे पुसले आणि बाहेर येऊन त्याला सांगितलं की काम कठीण आहे.

दोन आठवडे लावून तसाच दुसरा पाइप मी बनवला. सुगत सुट्टी काढून समोर पाने देत उभा होता. कुठला पाना लागेल ते त्याला माझ्याआधी कळायचं, पण तो मुद्दाम एक चुकीचा पुढे करायचा आणि मी त्याला ओरडायचो. दहावीनंतर हा मुलगा इतका वेळ माझ्याजवळ कधी थांबला नव्हता. गाडी आता दोन्हीकडे वळते. येत्या गुरुवारी ट्युफवाले बघणार होते, आणि त्यानंतर मला इथे काही काम उरलं नसतं.

म्हणून काल मी त्याला सांगितलं की गिअरबॉक्सचा आवाज मला पसंत नाही, एकदा उतरवून बघावा लागेल. गिअरबॉक्स उत्तम आहे. सुगतने कान लावून ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यालाही आवाज येतोय असं म्हणाला. लगेच जाऊन त्याने ट्युफची तारीख तीन आठवडे पुढे नेली.

कीर्तीची तारीख त्यानंतर आहे, तोवर मी पोचतो. मुलीला जप आणि माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
नामदेव