उनी आणि उणी

॥ श्री ॥
मेहरूण, जळगाव
१८ मार्च २०२५

ती. अक्कास,
हेमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. पायाचं प्लास्टर लग्नापर्यंत निघणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या नातीच्या, सारिकाच्या मांडवात मी नसणार गं.

बसल्या जागी माझं एकच काम चालू आहे, इंटरनेटवर गाण्यांविषयी लिहिणं. हसू नकोस. लग्नात डीजेवर वाजतात ना आपली अहिराणी गाणी, ती ऐकते आणि त्यांच्यावर लिहिते. कॉन्व्हेंटच्या प्रार्थनागीतांत वाढलेली मी आता ठेक्यावर प्लास्टर हलवते! काम सोपं नाही बरं. शब्द कुठे छापलेले नसतात, गाणारीचं नाव नसतं, असतो तो फक्त साउंडवाल्याचा मोबाइल नंबर. एकेक ओळ पुन्हा पुन्हा ऐकावी लागते. पण सुखही तसंच. सुरतेहून कोणी अनोळखी माणूस कळवतो, की ताई, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि गाव आठवलं. दिवसभर मग मला काही दुखत नाही.

परवा एका गाण्यावर लिहिलं. त्यात ‘मांडवमा मन्ही माय उनी’ अशी ओळ आहे. आपली माणसं पाण्याला पानी म्हणतात, तसंच हे उणी. भरल्या मांडवात माझी आई तेवढी उणी! अक्का, लिहिताना डोळ्यांपुढे तुझी सून होती. सुनंदाला जाऊन वर्ष झालं नाही, आणि तिच्या लेकीला हळद लागायची. माझं कुठलंच लिखाण आजवर इतकं वाचलं गेलं नव्हतं.

गुडघ्यांना जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हेमा


॥ श्री ॥
शिरपूर
२७ मार्च २०२५

चि. हेमास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

सारिकाने तुझं लिखाण माझ्या कानाशी बसून वाचलं. अर्ध्यात तिचा आवाज गेला. उरलेलं मी तिच्या तोंडाकडे बघून समजून घेतलं. अभिमन उठून मळ्यात गेला. बायको गेल्यापासून माझा लेक रडत नाही, विहिरीवरची मोटार दुरुस्त करतो. धडधाकट मोटार बिचारी, किती वेळा उघडली गेली असेल!

पोरीने डीजेवाल्याला तेच गाणं लग्नात लावायला सांगितलंय.

आता तुझा कान धरते. इतली शिकेल शे, आणि ‘उनी’ समजनं नही तुले? अगं, उनी म्हणजे आली. मांडवात माझी आई आली! अक्षता पडेपर्यंत नवरीची आई तुळशीला पाणी घालते, मग ती मांडवात येते, तेव्हाचं गाणं आहे ते. चांगलं नाचायचं गाणं. तू एवढीशी असताना वसतिगृहात गेलीस, तुला कोण सांगणार? आणि तुला रडायचंच होतं, म्हणून तसंच ऐकू आलं.

पण सारिकाला मी बोलले नाही. आई गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळी रडली. लग्न होईपर्यंत तुझं लिखाण आहे तसं राहू दे, एवढं माझं ऐक.

पापड वाळवायला टाकलेत, चिमण्या हाकायला उठते. पाय टेकवू नकोस.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥
मेहरूण, जळगाव
५ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
हेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. क्षमा कर.

लोकांनीही चूक धरलीच. एकाने लिहिलं, बाईंना आधी अहिराणीच्या बालवाडीत घाला. दुसऱ्याने खाली हसणारी तोंडं काढली. ते मी गिळलं असतं. पण मला दिसत राहिला तो मांडव. पाठवणीची वेळ, पोर रडतेय, आणि डीजे ओरडून सांगतोय, आई आली, आई आली. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला अर्थ कळणार. कोणी एक जरी हसलं तरी ते तिला जन्मभर पुरेल.

म्हणून लिखाणाच्या वरच ठळक लिहिलं, की माझी चूक झाली, उनी म्हणजे आली. सारिकालाही मोबाइलवर कळवलं, की बेटा, गाणं बदल. तिने ते वाचलंय, तशी खूण दिसते. उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही.

अक्का, रडायला तिला एक जागा सापडली होती, ती मीच काढून घेतली. तू तिच्याशी बोल. तिला जवळ घे. माझ्यावर रागावली असली तर रागावू दे, पण ते गाणं त्या दिवशी वाजू देऊ नकोस.

तुमच्या रागासकट तुमची,
हेमा


॥ श्री ॥
शिरपूर
२२ एप्रिल २०२५

चि. हेमास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

कार्य पार पडलं. वर्षाच्या आत कन्यादान झालं, सुनंदाला पोचलं असेल.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सारिकाला मी उनीचा अर्थ सांगायला बसले, तर पोर माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आजी, तुझ्या चुलीपाशी वाढलेय मी, मला उनी कळत नाही होय? तिने पहिल्याच वाचनाला चूक ओळखली होती. हेमाआजीने इतक्या जिवाने लिहिलंय, तिला कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून गप्प राहिली. तुझा निरोप आल्यावरही, मला हे आधीच माहीत होतं असं कसं कळवावं, ते तिला सुचेना. तुझी दुरुस्ती बरोबर आहे, पण खालचं लिखाण खोडू नकोस असं तिने बजावलंय. तिचं म्हणणं, हेमाआजीने लिहिलं ते खरं आहे, आणि गाण्यात आहे ते मला हवंय.

डीजेवाल्यालाही तिने पाठवणीला लावायला सांगितलंच नव्हतं. अक्षता पडल्या की लगेच, त्याच्या जागीच.

मी म्हटलं, मग आईच्या जागी मी येते, नाहीतर तुझी काकू येईल. तर नको म्हणाली. कोणीच येऊ नका, वाट मोकळी ठेवा.

अक्षता पडल्या आणि ते गाणं लागलं. हेमा, कोणी हसलं नाही. बठ्ठा मांडव दाराकडे वळला. सवयच ती, गाणं वाजलं की आईला वाट द्यायची. बायका पदर सावरून बाजूला सरकल्या. वाढपी वाटेत भांडी घेऊन होते, ते मागे झाले. अभिमन पुढे येऊन दाराशी उभा राहिला, पाहुण्यांना घ्यायला उभा राहतो तसा. सारिका माळ घातलेल्या मानेने दाराकडे बघत होती. रडली नाही ती. गाणं संपेपर्यंत त्या वाटेत कोणी पाय ठेवला नाही.

आणि मी, सगळं माहीत असून, चष्मा पुसून पाहिलं गं.

आहोत तोवर एकमेकींना लिहीत राहू.

तुझी,
अक्का