गाभ्यातली कोरी जागा

तांबरम, चेन्नई
कार्तिगै दीपमचा दुसरा दिवस

ती. कमलिनीआत्यास,
रेवाचा वाकून नमस्कार (टेबल बुटकं आहे, वाकूनच लिहितेय).

तुझा गुडघा काय म्हणतो? माझी झोप म्हणशील, तर ती बहुधा साताऱ्यालाच राहिली. एवढं लिहीपर्यंत मी चारदा उठले, दोनदा पाणी प्यायले आणि एकदा विनाकारण कपाट लावलं. फोनच केला असता, पण फोनवर दादा शेजारीच कान देऊन बसलेले असतात.

तारे जिथे जन्मतात त्या ढगांच्या गाभ्यातली धूळ आणि वायू मोजण्यात माझी पाच वर्षं गेली, हे तुला ठाऊक आहेच. (दादा, म्हणजे तुझे धाकटे बंधू आणि माझे तीर्थरूप, सगळ्यांना सांगतात, पोरगी तारे शोधते. तारे अजून झालेलेच नाहीत, हे त्यांना पटत नाही.) तर माझ्या ढगाच्या मधोमध धूळ दाट दिसायची, पण कार्बन मोनॉक्साइड वायू नेमका तिथेच गायब. मला वाटलं, यंत्राचा दोष. आपल्या घराण्याची टापटीप आडवी आली. आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी काढून मी ते भोक बुजवलं, त्यावर तीन प्रकरणं रचली आणि प्रबंध माझ्या गाइड श्रीलक्ष्मी मॅडमच्या हाती दिला. त्यांनी वाचून "गुड" म्हटलं.

काल इथल्या दिव्यांच्या सणाला घरमालकीण सकवारबाईंनी (तंजावरकडच्या, त्यांची मराठी आपल्यापेक्षा तीनशे वर्षांनी थोरली) दारात भलंमोठं कोलम (इथली रांगोळी) काढलं. मधे वीतभर जागा कोरी. मला कुठे स्वस्थ बसवतंय! तांदळाची पिठी घेतली आणि तिथे झकास कमळ काढून ठेवलं. बाई समई घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो, दिव्याची जागा ती! कोरी दिसली म्हणून भरायाची काय?"

आत्या, मला माझ्या ढगातलं बुजवलेलं भोक आठवलं. धावत वर जाऊन ढगाचा मूळ नकाशा उघडला. गाभ्यात एवढी थंडी असते, की वायू धुळीच्या कणांवर गोठून बसतो आणि दिसेनासा होतो. (हे मी पहिल्याच वर्षी पाठ केलं होतं. परीक्षेपुरतं.) म्हणजे यंत्र शहाणं होतं, ढगही शहाणा होता. तीन प्रकरणं गेली, वर्षभराचं काम वाढलं. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हा विचार मी बराच वेळ केला, खोटं कशाला बोलू?

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
रेवा

ता. क. : दादांनी दारावर 'डॉ. रेवा' अशी पाटी ठोकलीय आणि पुढच्या रविवारी सत्कार ठेवलाय, असं कळलं. अख्ख्या आळीत ते फक्त तुला घाबरतात. पाटी तू उतरव, सत्कारही रद्द करायला लाव. पत्र त्याचसाठी.

ता. क. २ : सकाळी मॅडमना सगळं सांगून आले. प्रबंध परत माझ्या टेबलावर आहे. भीती वाटत होती तेवढं रडू नाही आलं. दादा चिडले तर चिडू देत. त्यांना फक्त एवढं सांग, की चूक कुणी पकडली नव्हती. मीच जाऊन सांगितली.