तीन डब्यांतली वाळू

५ मार्च

तीन किनारे! आणि ठरवायचं मी! रंगाच्या दुकानात मिसळणी यंत्रावर उभी राहून दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती ठरवते, पण स्वतःच्या खोलीचा रंग अजून ठरत नाही — अशा बाईला हा माणूस म्हणतो, "एक दिवस समुद्रावर जाऊ. कुठला किनारा, ते तुम्ही ठरवा. तिथे मला तुम्हाला एक विचारायचंय."

काय विचारायचंय ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? चेहरा मात्र असा केला, जणू प्रायमरची किंमत विचारतोय.

माणूस म्हणजे फिकट निळा. सहलीची बस चालवतो. पहिल्यांदा आला तो आईच्या खोलीसाठी फिकट निळा रंग न्यायला, म्हणून हे नाव. गिऱ्हाइकं मी रंगावरूनच लक्षात ठेवते. त्यानंतर दर थोड्या दिवसांनी एकेक डबा नेतोच आहे. एवढ्या भिंती कुणाच्या घरात असतात!

६ मार्च

वहिनीला सांगितलं. तिने हातातली कणीक तशीच ठेवली. "अहो वन्सं, त्यात ठरवायचंय काय? पाणी सगळीकडे खारटच!"

दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "हिचं ठरेस्तोवर समुद्र आटायचा."

सगळे हसले. मीही. मग न्हाणीघरात जाऊन थोडं रडून घेतलं. खरंच आहे ना ते. चांगली दोन स्थळं माझ्या 'बघू'पायी गेली. त्यातल्या एकाची मुलगी आता आमच्याच दुकानातून रंग नेते.

९ मार्च

त्याला म्हटलं, फोटो बघून मी ठरवत नाही. कागदावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग कधी एक नसतो. वाटलं हसेल. हसला नाही. "बरं. नमुने आणतो," म्हणाला.

१३ मार्च

आणले! आमच्याच दुकानातल्या नमुन्याच्या तीन चिमुकल्या डब्या, तिन्हींत वाळू. एक तपकिरी, जाडसर. एक करडी, शिंपल्यांचा चुरा असलेली. एक ओलसर, दुधाळ चहासारखी.

प्रवासी खाली उतरवायचे आणि आपण वाकून वाळू भरत बसायचं — सगळ्यांच्या देखत! माझ्यासाठी! दिवसभर हातून धड काम होईना. एका बाईंना पिस्त्याऐवजी मोतिया रंग घालून दिला. नशीब, त्यांना तोच आवडला.

१४ मार्च

आमच्या धंद्यात ओला रंग बघून ठरवत नाहीत. आधी सुकू द्यायचा. तिन्ही वाळू खिडकीत कागदावर पसरून ठेवल्या आणि नुसती बघत बसले. तिसरी हळूहळू उजळत गेली. उन्हात जवळजवळ गुलाबी झाली.

डोळे मिटले की मी तिच्यावरून चालतेय. तळव्यांना ऊब लागतेय. लाट येते, घोट्यांशी घुटमळते, निघून जाते. शेजारी कुणीतरी आहे, बोलत नाही. मला घाई नाही, त्यालाही नाही. वहिनीने जेवायला हाक मारली ती ऐकूच आली नाही.

तिसरा. तिसराच किनारा! ठरलं!

१७ मार्च

त्याची कंपनी त्याला डोंगरातल्या मार्गावर पाठवतेय. गाव दूर आहे, इथून दिवसभराचा प्रवास. जायचं की नाही ते महिनाअखेरीस कळवायचंय. "इथे कुणी राहा म्हणालं, तर राहीन," एवढं बोलून बाहेर बघत राहिला.

वहिनी म्हणते, "मग म्हणून टाका ना राहा! तोंडाला कुलूप आहे का?"

यावेळी 'बघू' म्हटलं तर हा जाईल. कायमचा.

२२ मार्च

किनारा नाहीच!

दगडी कठडा, आणि खाली नुसतं पाणी. वाळूचा कण दिसेना. भरती! वाळू ओली पाहिली, सुकी पाहिली, बोटांत चोळून पाहिली — पाणी कधी चढतं ते विचारायचं मात्र सुचलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोजचा रस्ता आहे माझा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून ठरवायला बसला असता."

अस्सा राग आला! आणि मग इतकं हसू आलं की कठड्याला धरावं लागलं.

तिथेच बसलो, पाय पाण्यावर सोडून. पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. पाणी इतकं सावकाश उतरत होतं की उतरतंय हे कळतही नव्हतं. वारा, ऊन, त्याचा आवाज. वाटलं, दिवस असाच लांबत राहावा.

तो आईबद्दल सांगत होता. तिला दमा आहे. मागच्या वर्षी डोंगरात बहिणीकडे महिनाभर राहिली, तर तिकडच्या हवेत रोज रात्री गाढ झोपायची. इथे आली आणि पुन्हा उशीला टेकून बसणं सुरू. हे सगळं सहज सांगितलं, तक्रार नाही. मग म्हणाला, "राहू का मी इथे? तुमच्यासाठी?"

वाळूची एक पट्टी वर आली होती. 'राहा' अगदी जिभेवर होतं. आणि कधी न पाहिलेली त्याची आई डोळ्यांसमोर आली, त्या निळ्या खोलीत जागी.

तोंडातून निघालं, "बघू."

त्याचा चेहरा उतरला. आम्ही खाली उतरून वाळूवरून चाललो. मी निवडलेला किनारा पायाखाली होता आणि माझं लक्षच नव्हतं.

२३ मार्च

वहिनीने एकदाच विचारलं, मग गुपचूप चहा आणून ठेवला. दादाने आज चेष्टा केली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२५ मार्च

मालकांना सांगितलं, महिनाअखेरीपासून यंत्रावर दुसरं माणूस शोधा. मी डोंगरात राहायला चाललेय. त्याला अजून ठाऊक नाही, संध्याकाळी बस लागली की सांगणार.

मालक म्हणाले, "अगं, नीट विचार कर."

म्हटलं, "केला."