चुन्याच्या डब्याचं झाकण

माय, मी तुझी धाकटी. मुद्दाम सांगून राह्यले, कारण तू जित्ती असतानाच आम्हा चारी पोरींची नावं एका दमात घेतल्याबिगर तुला बराबर पोरगी सापडायची न्हाई. आता तर मला सुरकुत्याही पडल्यात, तू काय ओळखणार! हे माझी नात लिहून राह्यली. ती सातवीला आहे, जाफराबादला शाळेत जाते. मला अक्षर आलं न्हाई, आन आता येणारही न्हाई.

परवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून हिनं स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या बाटलीत लिंबाचा रस ओतला, खायचा सोडा टाकला, झाकण गच्च आवळलं आन बुडबुडे बघायला बाटली डोळ्यासमोर धरून बसली. मी म्हणलं, "काय करून राह्यलीस गं?" तर म्हणते, "आजी, घरातलंच सामान आहे, त्यानं काय होतंय!" बाटली टम्म फुगलेली. मी ती हिसकली, अंगणात लांब फेकली आन पोरीला दारामागं ओढलं. धुण्याच्या दगडावर बाटली अशी फुटली, की शेजारीण "सिलिंडर गेलं का?" म्हणत पळत आली.

मला तुझा चुना आठवला. मी लहान, दिवाळीआधी घर पांढरं करायचंय. पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यात कळीचा चुना टाकून तू मागं सरतेस. डबा आपसूक रटरटतो, खाली जाळ न्हाई. भाताची वाफ कोंडतात तशी ही कोंडली तर चुना जल्दी शिजंल, असं वाटून मी झाकण दाबून बसवलं आन कान लावायला वाकले. तू वेणीला धरून मला ओढलंस. झाकण उडालं, उकळता चुना तुझ्या मनगटावर. त्याच हातानं मला चापट मारलीस. "खाली चूल न्हाई म्हणून आग न्हाई, असं समजू नको! उकळत्याचं तोंड बंद करायचं न्हाई, आन आपलं तोंड तिथं न्यायचं न्हाई." मी चार दिवस तुझ्याशी बोलले न्हाई.

नातीचा प्रयोग मी बंद पाडला न्हाई. अंगणात, मोठ्या तोंडाच्या पातेल्यात, बापाचा मोटारसायकलवरचा चष्मा लावून, हातभर लांबून करायला लावला. तिनं शाळेत जाऊन सांगितलं, तर विज्ञानाच्या बाईंनी मंग सगळ्या वर्गाला तसंच करायला सांगितलं. पोरगी मला विचारते, "आजी, तुला हे कोणी शिकवलं?" मी म्हणलं, "शिकवायला कशाला कोण पाहिजे? माझीच अक्कल."

आता हिचा पेन थांबलाय. "आजी, म्हणजे तू खोटं बोललीस?"

मुकाट्यानं लिही म्हणलं.

तर माय, अक्कल तुझी होती. आन तुझा हात किती भाजला, हे मी तेव्हाही विचारलं न्हाई, नंतरही न्हाई. चापटीचाच राग धरून बसले. तुझ्याकडं ना एसटी जाते ना जीप, म्हणून हा कागद माझ्याच पेटीत राहील. तिकडून काही धाडायचं झालं तर आमटीला तुझ्या हातचं येसर धाड. माझ्या सुनेच्या येसरात धने फार पडतात.