आतून बत्तीस इंच

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. वहिनीची कंबर आता बरी आहे. तुझं शिवणयंत्र अजून खिडकीशीच आहे आणि अजून तसंच कुरकुरतं. सात वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही.

काम असं, की मला मोटरसायकल घ्यायची आहे. हसून झालं की पुढे वाच. रस्त्यावरची नको, दगडधोंड्यांतून, पायवाटेने चढणारी हवी. कारण विचारू नकोस. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली आहे. मोकळी हवा गच्चीतही असते असं तुझी वहिनी म्हणते, पण तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी म्हणायचंच असतं.

परवा शोरूममध्ये गेलो. टाय लावलेल्या विक्रेत्याने म्हशीएवढं एक धूड दाखवलं, तिन्ही बाजूंना पेट्या लावलेलं. म्हणाला, "काका, यावर जग फिराल!" मी म्हटलं, "बाबा रे, जग नको, अकरा किलोमीटर पुरे." मग गळ्यातली टेप काढून सीट मापायला लागलो, तर विचारतो, "कव्हर शिवायचंय का?"

यातलं तुला कळतं, मला कळत नाही. (हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले.) पायाचं माप आतून बत्तीस इंच. कुठली घेऊ?

तुझा थोरला भाऊ

---

दि. ११ फेब्रुवारी

मास्तर यांस,

पत्र मिळाले. धूड घेऊ नये. पायवाटेला हलकी गाडी लागते, फार तर एकशेवीस किलो. आडवी झाल्यावर एकट्याला उचलता आली, तरच घ्यावी. पोट जमिनीपासून उंच हवे, नाहीतर प्रत्येक दगड खालून खरवडेल. टायर खोल खाचांचे. कळवलेल्या मापाला तेहतीस इंची सीट चालेल, चवडे टेकतील.

अकरा किलोमीटर कुठले?

आपला,
मोटरसायकल दुरुस्तीवाला

---

दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. "मास्तर यांस" वाचून वहिनी पोट धरून हसली. वर म्हणते, "बरं झालं, निदान 'महोदय' तरी नाही लिहिलं."

तू सांगितलीस तशी गाडी मिळाली. शोरूममागच्या मैदानात चालवून पाहिली. चालत होती तोवर मी राजा! मग थांबलो, पाय खाली सोडला, आणि जमीन काही सापडेना. विक्रेता "काका, काका" करत धावला आणि मी, गाडी, तो, असे तिघेही आडवे. गाडी मात्र मी एकट्याने उचलली. विक्रेता आपला आपण उठला.

चूक तुझी नाही. घरी येऊन पुन्हा टेप लावली, तर तीस इंच. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या मापात दोन इंच सैल धरत आलो, तसे स्वतःच्या तंगडीलाही धरले. जन्मात असा गाढवपणा केला नव्हता.

नाही, केला होता.

अकरा किलोमीटर म्हणजे शेवटच्या बस थांब्यापासून तुझ्या शेडपर्यंतचे. माझे गुडघे तेवढं चढू देत नाहीत, आणि "मला न्यायला ये" म्हणायला मला तोंड नाही. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तुला म्हणालो होतो, "जा त्या गाडीवर, आणि पड एकदाचा." त्याच आठवड्यात तू पडलास.

मी हॉस्पिटलात फिरकलोही नाही, असं तू समजतोस. आलो होतो रे. जिन्यापर्यंत. तुझ्या प्लास्टरसाठी विजार शिवली होती, उजवा पाय पूर्ण उघडा, वरपासून खालपर्यंत बटणं. ती पिशवीत घेऊन जिन्यात उभा राहिलो. वरून तुझं कण्हणं ऐकू आलं आणि वाटलं, हा पाय माझ्या जिभेने मोडलाय. तसाच मागे फिरलो. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता तू बरा होऊन तिकडे वर जाऊन राहिलास, आणि माझी शरम दर वर्षी वाढतच गेली. विजार कपाटात आहे. वहिनी दर दिवाळीच्या साफसफाईला बाहेर काढते, इस्त्री करते, परत ठेवते, आणि त्या वेळी मात्र काही म्हणत नाही.

माझं चुकलं. मला माफ कर. हे समोर उभं राहून म्हणायचं होतं, म्हणून ही गाडीची धडपड. डॉक्टरांनी मोकळ्या हवेचं काहीही सांगितलेलं नाही.

तीस इंची तंगडीला कुठली गाडी बसेल, ते कळव. कळवलं नाहीस, तरीही

तुझाच,
दादा

---

दि. २७ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार. शोरूममध्ये आता जाऊ नकोस, तो विक्रेता नोकरी सोडेल.

माझ्याकडे एक जुनी गाडी आहे, हलकी, दणकट. मी पडलो होतो तीच. विकवली नाही मला. काल सीटचा फोम कापून ती दोन इंच खाली आणली. आता तुझ्या तंगडीला बरोबर बसेल. फक्त कव्हर फार वेडंवाकडं झालंय. ते तूच शिव, येताना टेप आण.

आणि तुझ्या बोलण्याने पडलो नाही रे. ओल्या दगडावर पुढचा ब्रेक दाबला. हे तेव्हाच सांगणार होतो. रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेला दाराकडे बघत होतो.

रविवारी सकाळी बस थांब्यावर येतो. येताना तू मागे बस. परत जाताना चालव.

विजार विसरू नकोस. पाय कधीच जुळलाय, पण घालणार आहे.

वाट पाहणारा,
तुझा धाकटा